बायकांनी केलेले, बायकांनी हसवलेले सिनेमे: दोन दिवसांच्या महोत्सवासाठी यादी हवीय

राधानगरीची

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या सभासद बायका मिळून दोन दिवसांचा छोटासा फिल्म फेस्टिवल करतोय. शनिवार-रविवार, हॉल आमचाच, दीडशे खुर्च्या, प्रोजेक्टर एका सभासदाच्या मुलाचा. अट एवढीच की दिग्दर्शक बाई पाहिजे नाहीतर हसवणारी बाई पाहिजे, दोन्ही जमलं तर सोन्याहून पिवळं.

पहिल्याच बैठकीत एक काकू म्हणाल्या, अगं बायकांचे सिनेमे म्हणजे हुंडा, सासुरवास नाहीतर विधवा, दोन दिवस डोळे पुसतच घरी जायचं का? मला ते फार लागलं. कारण माझ्या आईला मी थेटरात पोट धरून हसताना आयुष्यात एकदाच बघितलंय आणि ते सई परांजपेंच्या 'चश्मे बद्दूर'ला (१९८१), दीप्ती नवल दारात येऊन चमको पावडर विकते आणि समोर फारुख शेख नुसता बघत बसतो तो सीन. आई ते पुढे कित्येक वर्षं सांगायची. म्हणजे बाईने बनवलेला, बाईने खुलवलेला विनोद आपल्याकडे आहेच की, फक्त 'महिला चित्रपट' म्हटलं की कुणाला आठवत नाही. तर हे दोन दिवस हसण्याचेच करायचे असं मी ठरवलंय. 'चश्मे बद्दूर' नक्की, 'इंग्लिश विंग्लिश' बहुतेक. त्यापलीकडे काय दाखवू? जुनं, परदेशी, काहीही चालेल, पण आमच्यातल्या निम्म्याजणी इंग्रजी सबटायटल वाचत नाहीत हे लक्षात घ्या.

पागोळी

ताई, सबटायटलचा प्रश्न असेल तर सरळ मूकपटांकडे वळा. मी काही वर्षं इटलीत होते, तिथे पोर्देनोने गावात दर ऑक्टोबरला मूकपटांचा महोत्सव भरतो, तिथे २०१७ साली 'नॅस्टी विमेन' नावाचा एक विभाग होता, सगळ्या शंभर वर्षांपूर्वीच्या आगाऊ, तोडफोड करणाऱ्या, हसवणाऱ्या बायका. मी तोपर्यंत समजत होते की मूकपटातली कॉमेडी म्हणजे चॅप्लिन आणि कीटन, बास. पुढे २०२२ मध्ये अशा ९९ फिल्मांचा चार डिस्कचा संच निघाला. त्यात लेओंतीन नावाची एक फ्रेंच कार्टी आहे, १९१० च्या आसपासची मालिका, खेळण्यातली होडी पोहायला पाणी हवं म्हणून ती अख्खं घर पाण्यात बुडवते. आणि हे काम करणाऱ्या नटीचं खरं नाव काय, हे तो संच निघेपर्यंत संशोधकांना शोधूनही सापडलेलं नव्हतं. एवढी लोकप्रिय पोरगी आणि नाव नाही. मला ते अजून टोचतं.

पण सुरुवात आलिस गीपासूनच करा. गोमाँ या फ्रेंच फिल्म कंपनीत सेक्रेटरी होती, १८९६ पासून फिल्मा बनवायला लागली, नंतर अमेरिकेत स्वतःची सोलॅक्स नावाची कंपनी काढली. तिच्या १९०६ च्या दोन फिल्मा घ्या. एकीत बाप्ये घरी बसून शिवणटिपण करतात, पोरं सांभाळतात आणि बायका कॅफेत बसून दारू-सिगरेट. दुसरी तर तुमच्यासाठीच आहे, डोहाळे लागलेली बाई! पोट पुढे काढून रस्त्याने चाललीय, नवरा मागून बाबागाडी ढकलतोय, आणि ही दिसेल त्याचं हिसकावते, लहान पोरीच्या हातातली गोळी, कुणाचा दारूचा ग्लास, भिकाऱ्याचा मासा, फेरीवाल्याचा पाईप. आणि प्रत्येक वेळी कॅमेरा तिच्या तोंडाजवळ जातो आणि ती काय समाधानाने चोखते! जेमतेम चार-पाच मिनिटांची आहे, वाचायला जवळपास काही नाहीच, आणि डोहाळे कुणाला समजावून सांगायला लागत नाहीत.

एक सांगते, नेटवरच्या कितीतरी कॉप्या चुकीच्या स्पीडने फास्ट पळतात. तेव्हाची बरीचशी शूटिंगं सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमच्या आसपास असायची, ती चोवीसने चालवली की माणसं टुणटुण उड्या मारतात आणि नटीचा टायमिंगचा सगळा खेळ वाया जातो. आधी स्वतः बघून घ्या. आणि संगीत लाइव्ह ठेवा, पेटी-तबला, आपल्याकडे पूर्वी तसंच असायचं.

गंगावेस

परदेश ठीक आहे पण ताई, तुम्ही कोल्हापुरात बसून 'ब्रह्मचारी' विसरलात? १९३८, हंस पिक्चर्स, आपल्याच गावची कंपनी. लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शक आणि हिरो मास्टर विनायक, म्हणजे बाई दिग्दर्शक नाही हे मान्य, पण मीनाक्षी शिरोडकर बघा. तो बाबा ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलाय आणि ही पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणत त्याच्या व्रताची वाट लावते. त्या पोशाखावरून केवढा गदारोळ झाला हे सगळ्यांना माहीत असतं पण ती विनोद किती सहज करते त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या आजीच्या तोंडी ते गाणं असायचं, भाकरी थापताना.

आणि सई परांजपेंचा 'कथा' (१९८३) घ्याच, माझ्या मते 'चश्मे बद्दूर'पेक्षा सरस. तो मूळचा आपल्या मराठी नाटकावरून, 'ससा आणि कासव'. चाळीतले शेजारी, त्यांच्या चौकशा, गॅलरीतल्या गप्पा, सगळं इतकं आपलं आहे की हिंदी आहे हे विसरायला होतं.

अबोली_डोंबिवली

'बाईपण भारी देवा' लावा, हॉल भरेल! सहा बहिणी आणि मंगळागौर, आमच्या सोसायटीतल्या बायका तर ग्रुपने नऊवारी नेसून गेलेल्या २०२३ ला.

पागोळी

अबोली, मलाही आवडला, वंदना गुप्तेंसाठी मी परत बघेन. पण दिग्दर्शन केदार शिंदेंचं आहे, तेव्हा तो नट्यांच्या विभागात ठेवावा आणि तसं स्पष्ट सांगावं. नाहीतर लोक घरी जाताना म्हणणार, बघा, बायकांचा गाजलेला सिनेमासुद्धा पुरुषानेच केला. ज्यांनी खरंच कॅमेऱ्यामागे उभं राहून निर्णय घेतले त्यांचं नाव त्या गर्दीत हरवायला नको, एवढंच माझं म्हणणं. मेबल नॉर्मंडचं तेच झालं. १९१४ मध्ये चॅप्लिनने ट्रॅम्पचा, म्हणजे त्याच्या त्या प्रसिद्ध भटक्याचा वेष घालून पहिल्यांदा ज्या फिल्मचं शूटिंग केलं तिची दिग्दर्शक आणि हिरोईन मेबल होती, तेव्हा ती मोठी स्टार आणि तो नवखा. आज चॅप्लिन शाळकरी पोराला माहितीय, मेबल किती जणांना?

रीळ

यादी छान होतेय पण परवानग्यांचं आधी बघा, मी फिल्म सोसायटीत बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. घरचं ओटीटी अकाउंट हॉलमध्ये लावून चालत नाही, तिकीट नसलं तरी. ते घरगुती वापरासाठी असतं. 'कथा', 'इंग्लिश विंग्लिश' वगैरेंसाठी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना लेखी विचारा, संस्था छोटी आहे, नफा नाही, असं नीट लिहिलं तर पुष्कळदा ऐकतात. 'ब्रह्मचारी'चा प्रश्न सोपा, कारण आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, तो कधीच संपला. आलिस गीच्या फिल्माही तशाच, पण त्या संचातली नवी संगीताची पट्टी नवीन कामात मोडते, तेव्हा आवाज बंद करून तुमची पेटीच लावा. मात्र सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेली परदेशी फिल्म जाहीर दाखवायला माहिती-प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, म्हणून एखाद्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीला सोबत घ्या, त्यांना हे कागद पाठ असतात.

आणि जमलं तर 'कालिया मर्दन' (१९१९) आणाच. फाळक्यांनी केलेला, पण कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी, लहानगी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती कॅमेऱ्यासमोर एकेक हावभाव करून दाखवते, पुढे कृष्णाच्या खोड्या. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाला करावी लागली आणि सहा वर्षांत ही पोर कृष्ण करतेय. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने जपलाय, त्यांना पत्र लिहा.

राधानगरीची

सगळ्यांचे मनापासून आभार, मी वहीत उतरवून घेतलं. शनिवारी सकाळी आलिस गीच्या दोन, मग 'कालिया मर्दन', दुपारी 'ब्रह्मचारी'. रविवार सई परांजपेंचा, 'कथा' आणि 'चश्मे बद्दूर' दोन्ही, हक्कांची पत्रं सोमवारी टाकते. 'बाईपण'साठी संध्याकाळ ठेवलीय, नट्यांचा विभाग असं फलकावर लिहून. 'इंग्लिश विंग्लिश' पुढच्या वर्षी, गौरी शिंदे पुण्याची आहे तेव्हा ते निमित्तही राहील.

काल त्या काकूंकडे गेले आणि डोहाळेवाली फिल्म त्यांना मोबाईलवर दाखवली. तिसऱ्यांदा लावायला सांगितली त्यांनी. मग म्हणाल्या, मला थोरल्याच्या वेळी भाजलेल्या खापराचा वास आवडायचा, सासूबाई रागावतील म्हणून तुकडा पदरात बांधून ठेवायचे आणि गोठ्यात जाऊन चघळायचे. चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. आता फिल्म संपली की आधी काकू बोलणार, मग ज्यांना सांगायचंय त्यांनी आपापले डोहाळे सांगायचे, अर्धा तास ठेवलाय, कमी पडेल असं वाटतंय.

पेटीवाल्या बाई मिळाल्यात. तबल्याला अजून कुणी नाही, कोल्हापूर-इचलकरंजीकडचं कुणी ओळखीचं असेल तर मला इथेच मेसेज करा.