प्रतिसाद : डेटा अ‍ॅक्विझिशनसाठी कुठली आरटीओएस

सेन्सरची मापं नोंदवायला १६ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला १० लाख सॅम्पल (मोजण्या), तर व्हीएक्सवर्क्स घ्यावी का क्यूएनएक्स (दोन्ही विकतच्या आरटीओएस, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम उरकणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम), असं वर विचारलंय. दादा, आधी हिशोब मांडा. सॅम्पलमागे २ बाइट धरले तर सेकंदाला ३२ एमबी, तासाला ११५ जीबी. दर सॅम्पलला इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) दिला तर कुठलीही ओएस आडवी होणार, कितीही महागाची घ्या. ते काम डीएमएचं (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत टाकणारं हार्डवेअर), ४ एमबीचे दोन बफर ठेवा, एक भरतोय तोवर दुसरा उपसायचा, म्हणजे १२५ मिलिसेकंदाला एकच इंटरप्ट आणि एवढ्यात लिनक्स आरामात पोचतं. प्रीएम्प्ट आरटी (लिनक्सला आरटीओएससारखं वेळेत बांधणारी सोय) तर २०२४ ला ६.१२ पासून लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच आलंय, वेगळा पॅच नको.

खरा घोळ डिस्कवर होतो. आमच्याकडे व्हायब्रेशन टेस्टला सॅम्पल गळायचे, दोन आठवडे शेड्युलर (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा ओएसचा भाग) तपासला आणि शेवटी कळलं की एसएसडीच लिहिता लिहिता मध्येच अडकतेय, मग रॅममध्ये मोठा रिंग बफर (शेवटाला पोचला की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा) ठेवला आणि गळती थांबली.

त्याच मशीनवर कंट्रोल लूपपण (मोजमाप बघून लगेच यंत्राला हुकूम देणारं चक्र) चालवणार असाल तर मात्र सायक्लिकटेस्ट (ठरल्या वेळेला काम सुरू व्हायला किती उशीर होतो ते मोजणारं टूल) लावा, पूर्ण लोड टाकून, रात्रभर. सरासरी बघू नका, मॅक्सचा आकडा बघा. तो झेपत नसेल तरच क्यूएनएक्सचं कोटेशन मागवा.