डाउनलोड करणारा दिसत नाही, पण फाइल दिसते

'न्यूजग्रुपवर, म्हणजे यूजनेट या सर्व्हरवर चालणाऱ्या जुन्या जाळ्यातल्या गटांवर, फाइल उतरवली तर कोणी माग काढू शकत नाही' असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. टॉरेंटमध्ये फाइल घेणाऱ्या सगळ्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात, त्यामुळे पाळत ठेवणाऱ्याने नुसतं त्या घोळक्यात शिरायचं. यूजनेटवर तुम्ही फक्त आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरशी बोलता, बाहेरच्याला ते कळत नाही. इथवर मान्य.

पण पाळत माणसावरच ठेवायला हवी असं कुठंय? मोठी फाइल शेकडो-हजारो तुकड्यांत, म्हणजे 'आर्टिकल्स'मध्ये चढवतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज-आयडी असतो. कॉपीराइटच्या हक्कधारकांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) शीर्षकं चाळतात, एनझेडबी अनुक्रमणिका उघडतात (म्हणजे फाइलचे तुकडे कुठले ते सांगणारी, आपण सोयीसाठी केलेली यादी त्यांच्याही आयती हाती!) आणि ते तुकडे काढून टाकायला त्यांचे आयडी थेट सेवादात्याला कळवतात. पुरेसे तुकडे उडाले की पार-२ची (हरवलेले तुकडे भरून काढणाऱ्या जोडफाइलींची) दुरुस्तीही हात टेकते. म्हणून तर हल्ली फाइलींची नावं अगम्य अक्षरांत चढवतात.

अपलोड करणाऱ्याने मात्र गाफील राहू नये. काही सर्व्हर हेडरमध्ये (आर्टिकलच्या माथ्यावरच्या माहितीत) पोस्ट करणाऱ्याचा माग सोडतात. तो सांकेतिक असला तरी सेवादात्याला उलगडता येतो.

आणि दावे सेवादात्यांवरही होतात. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने यूजनेट डॉट कॉम या सेवादात्याला कॉपीराइटभंगाबद्दल जबाबदार धरलं. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ब्राइन या चाचेगिरीविरोधी संस्थेच्या दाव्यानंतर न्यूज-सर्व्हिस युरोप या सेवादात्याने गाशाच गुंडाळला.