मदत हवी आहे: छोटं बाथरूम मोकळं वाटण्यासाठी काय करावं?

आमचं बाथरूम जेमतेम 4 बाय 6 फुटांचं आहे. दार आत उघडतं, त्यामुळे बेसिनपाशी कुणी असेल तर त्याला अंग चोरूनच उभं राहावं लागतं. सासूबाईंना वळताना त्रास होतो, म्हणून हे काम आता मनावर घेतलंय. दार बाहेर उघडणारं करावं की सरकतं? सरकत्या दाराच्या खाचेत घाण साचते का? फिकट रंगाच्या मोठ्या टाइल्स लावल्या तर सांधे कमी दिसतात, हे पटतं. पण जमिनीवर त्याच लावल्या तर पाय घसरेल आणि जाळीकडे उतारही नीट मिळणार नाही, अशी धास्ती वाटते. बेसिनवर भिंतभर आरसा कुणी लावलाय का? पाण्याचे डाग कितपत पडतात? आणि बादल्या कुठे ठेवता, तेही सांगा.