एकच मिस्सा की भाषावार मिस्सा? वसईतल्या धर्मग्रामांसाठी चर्चा

केळबागायत
वसई-विरार पट्ट्यातल्या बऱ्याच धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, रविवारची मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) भाषेने वाटली गेलीय. पहाटे मराठी, मग इंग्रजी, महिन्यातून एखादी कोकणी किंवा तमिळ. इथली जुनी कुपारी, वाडवळ, कोळी मंडळी एका वेळेला. इमारतींत राहायला आलेली गोवेकर, मंगळूरकर मंडळी दुसऱ्या वेळेला. भेट होते ती पार्किंगमध्ये, एकमेकांच्या स्कूटर हलवताना. माझं म्हणणं एवढंच, की महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांची मिळून एकच मिस्सा ठेवावी. पेंटेकॉस्टला, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, यरुशलेमेत जमलेल्या लोकांना भाषेप्रमाणे वेगवेगळ्या वेळा दिल्या नव्हत्या.

वेदीसेवक
हा दाखला तुमच्यावरच उलटतो. बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 पुन्हा वाचा: प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं. संयुक्त मिस्सात प्रत्येकाला निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याची भाषा ऐकावी लागते. पौलानेही करिंथकरांना लिहिलंय, की अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषेला दार उघडलं ते लोकांनी मनापासून भाग घ्यावा म्हणून, नमुने ऐकावेत म्हणून नाही.

केळबागायत
नमुने होतात ते वाटणी चुकते म्हणून. पहिलं वाचन कोकणीत, स्तोत्र मराठीत, दुसरं वाचन इंग्रजीत, शुभवर्तमान आणि प्रवचन मराठीत. एकदा वाचलेलं दुसऱ्या भाषेत पुन्हा वाचायचं नाही, अर्थ पडद्यावर दाखवायचा. श्रद्धावंतांच्या प्रार्थना पाच भाषांत चालतील, पण त्यांचं उत्तर एकच, आणि ते मिस्साआधी दोनदा म्हणवून घ्यायचं. ख्रिस्तप्रसादाची मोठी प्रार्थना मात्र आरंभापासून शेवटपर्यंत एकाच भाषेत. तिचे तुकडे केले की लय जाते, आणि सहधर्मगुरू पानं उलटत बसतात.

सोप्रानो
कागदावर छान आहे. आता बिघडतं कुठे ते सांगते. प्रवचन संपलं की कुणीतरी 'दोन मिनिटं इंग्रजीत' म्हणून उठतो आणि तासाची मिस्सा दीड तासावर जाते. मग ख्रिस्तप्रसाद घेऊन मागचे बाक तिथूनच बाहेर. गायकवृंदाचं तर विचारूच नका. चार गट एकेक गीत वाटून घेतात, प्रत्येकाची पट्टी वेगळी, ऑर्गनवाला मध्येच स्वर शोधतोय. त्यापेक्षा प्रत्येक गटातून चार-पाच जण घेऊन एकच वृंद करा, तीन आठवडे आधी सरावाला बसवा, आणि 'पवित्र, पवित्र' व 'देवाच्या कोकरा' एका चालीत ठेवा.
आणि कोकणी म्हणजे नक्की कुणाची? गोव्याच्या मंडळींची प्रार्थनेची पुस्तकं रोमी लिपीत, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांची कानडी लिपीत, आणि बोलीही वेगळी. पडद्यावर कुठली टाकणार?

वेदीसेवक
हेच म्हणतोय. इथे 'कोकणी' एका डब्यात बसत नाही, 'मराठी' तरी कुठे बसते? कुपारी घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी. उद्या कुणी म्हणेल, आमच्या बोलीत मिस्सा हवी. पण मिस्साचा मजकूर आपल्या मनाने भाषांतर करून वाचता येत नाही. बिशप परिषदेची मान्यता आणि रोमची पुष्टी लागते. स्वागत, सूचना, प्रवचन यांना ते बंधन नाही. तिथे बोली खुशाल वापरा, आजीबाईंचे चेहरे बघा मग.
केरळी मंडळींना 'मल्याळम गट' म्हणणंही अर्धवट. त्यातले सीरो-मलबार लोक कॅथलिकच, पण वेगळ्या उपासनाविधीचे आहेत, त्यांच्यासाठी कल्याणला 1988 पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. तो भाषेचा हट्ट नाही.

हिशेबनीस
दोघेही गणित विसरताय. कॅथलिक चर्चच्या धर्मविधानाच्या (कायद्याच्या) 905व्या कलमाप्रमाणे धर्मगुरूने साधारणपणे दिवसाला एकच मिस्सा करायची. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी गरज असेल तर तीन. दोन फादर असतील तर रविवारच्या जास्तीत जास्त सहा, त्याही दोघांची दमछाक करून. त्यात मराठीच्या तीन धरा, इंग्रजीच्या दोन. उरलेल्या एकीवर कोकणी, तमिळ, मल्याळम भांडणार. शनिवार संध्याकाळची जोडली तरी एकच वाढते.
पण खरं वैविध्य वेदीवर मोजू नका, हिशेबाच्या वहीशी मोजा. पाळकीय परिषद, म्हणजे धर्मग्रामाची सल्लागार समिती, नेमायची की नाही हे 536व्या कलमाने बिशपांवर सोडलंय आणि तिचं काम सल्ल्यापुरतं. अर्थसमिती 537व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामाला सक्तीची. आपल्याकडे बाहेरून आलेल्यांना सणाच्या जेवणाच्या समितीत घेतात, अर्थसमितीत जुनी आडनावं. सगळ्या भाषांत वाचनं झाली तरी छपराच्या दुरुस्तीचा निर्णय एकाच आळीत होतो.

केळबागायत
टोला मान्य. मग भाषेप्रमाणे जागा राखायच्या?

हिशेबनीस
नको. जागा राखल्या की भाषेच्या नावाने गट पडतात आणि निवडणूक लागते. लघुख्रिस्ती समूह इमारत आणि आळी मिळून पाडा, तीसेक कुटुंबांचा एक, भाषा न बघता. नावं तिथून येऊ द्या. आणि कृत्यांचा दुसरा अध्याय झाला असेल तर सहावाही वाचा. ग्रीकभाषक विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यावर संयुक्त प्रार्थनेचा कार्यक्रम ठेवला नाही, वाटणीचं कामच सात जणांकडे दिलं. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तिमोन, पर्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक, म्हणजे डावललेल्यांच्याच भाषेतली.

वेदीसेवक
हे पटलं. तरी पापनिवेदन आणि आजाऱ्यांना तेल लावून करायचा अभ्यंगाचा संस्कार ज्याच्या त्याच्या भाषेतच हवा, तिथे एकत्रपणाचा आग्रह नको. संयुक्त मिस्सा वर्षातून दोनदाच ठेवा, पेंटेकॉस्टला आणि चर्चच्या सणाला. दर महिन्याला ठेवलीत तर लोक त्या रविवारी शेजारच्या गावात जातील.

सोप्रानो
दोनदा चालेल, सराव तरी नीट होईल. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. तोवर माझ्यापुरतं ठरवलंय: पडद्यावर कोकणी रोमीत, कारण ती दोघांनाही वाचता येते. वाचन या वेळी गोव्याच्या बोलीत, पुढच्या वेळी मंगळूरच्या. वाचणाऱ्याला मजकूर आठ दिवस आधी द्या, आणि माइक त्याच्या उंचीला आणून ठेवा.