पोस्टिंग किती आठवड्यांची हवी? अनुभव लिहा

सायंकाळची ओपीडी: परळहून गाडीत दोन एमबीबीएस इंटर्न पोस्टिंगचा, म्हणजे कुठल्या विभागात किती आठवडे काम, तो तक्ता वाचत होत्या. मेडिसिन ६ आठवडे, सर्जरी ६, गायनॅक ७, पीएसएम (सामाजिक आरोग्य) १२, हाडं २, सायकिअ‍ॅट्री २, स्किन १. जुने दिवस आठवले. माझं मत, युनिटचे वार मोजा. ओपीडीचा वार आठवड्यात एकच असेल तर २ आठवड्यांत दोन ओपीडी. मध्ये सण आला की एकच उरली. लिहा सगळ्यांनी.

प्लास्टर रूम: मनगटाच्या कोलीस फ्रॅक्चरचं प्लास्टर साधारण ६ आठवड्यांनी निघतं. २ आठवड्यांत मुलं प्लास्टर घालायला शिकतात, काढल्यावर आखडलेली बोटं बघतच नाहीत. मग 'मूठ वळा, उघडा, खांदा रोज वर न्या' हे पेशंटला सांगायचंच राहतं. केसपेपरचा नंबर टिपून ठेवा. सहाव्या आठवड्यात दुसरीकडे पोस्टिंग असली तरी फ्रॅक्चर क्लिनिकला अर्धा तास जा.

मनोविकार विभाग: +१. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तच. मळमळ पहिल्या आठवड्यात. विद्यार्थ्याला तेवढीच दिसते, मग पुढे पेशंटला 'गोळी सोडू नका' हे तो ठामपणे सांगत नाही.

लेबर वॉर्ड: आमच्याकडे लांबीपेक्षा सलग वेळ हवा. यूजीची (अजून एमबीबीएस शिकणाऱ्यांची) पोस्टिंग रोज ३ तास, पीव्ही (आतून तपासणी) साधारण ४ तासांनी. एका तपासणीत गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते कळतं, किती वेगाने उघडतंय ते नाही. पार्टोग्राफवर (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख) निदान दोन ठिपके तरी हवेत ना! चार सकाळींऐवजी १२ तासांची एक पाळी द्या.

दादर वेस्ट: रात्रपाळीत मुलींच्या जेवणाचं काय करतात हो? भाची यंदा लागलीये.

लेबर वॉर्ड: ताई, डबा आणि पाण्याची बाटली द्याच. बंद बूट, जास्तीचा अ‍ॅप्रन. रक्त-पाणी उडतं.

तापाचा वॉर्ड: महिनाही बघा. जुलै-ऑगस्टच्या मेडिसिनला मलेरिया, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस. त्यांनी हृदयाच्या झडपेची, लिव्हरची, लकव्याची केस मुद्दाम मागून घ्यावी. फेब्रुवारीवाल्यांनी पावसाळ्यात एखाद्या इमर्जन्सीला यावं. डेंगीत ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास धोक्याचे. नाडी, बीपी, लघवी, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) पुन्हा पुन्हा बघून सलाइन कमी-जास्त करायचं. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यामागे लागून चुकतं. हे खाटेशेजारी उभं राहूनच कळतं.

सायंकाळची ओपीडी: किती नेमकं लिहिलंत! अमेरिकेत मिनेसोटात १९७१ पासून काही विद्यार्थ्यांना एकाच गावात ९ महिने ठेवतात, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ पासून वर्षभर तेच पेशंट. आपल्याकडे डिस्चार्ज झाला की पेशंट गावी जातो, ही खरी अडचण.

पीएसएम: म्हणून आमचे १२ आठवडे वाया घालवू नका. धारावीसारख्या वस्तीत टीबीचा एक पेशंट पहिल्या दिवशी धरा. औषधांचे सुरुवातीचे २ महिने पूर्ण दिसतात: वजन, उलट्या, चुकलेले डोस, शेवटी थुंकीची तपासणी.

दादर वेस्ट: अ‍ॅप्रन अर्ध्या बाह्यांचा घ्यायचा ना?

लेबर वॉर्ड: हो, अर्ध्याच. पूर्ण बाह्यांत हात कोपरापर्यंत धुता येत नाहीत.