हरिहर केलाय म्हणून बर्फात स्ट्रायडिंग एज?

लीड्सकर: इथल्या इंग्लंडमधल्या हेल्वेलिन डोंगराच्या स्ट्रायडिंग एज या अरुंद खडकाळ धारेवरची ग्रुपवरची एक पोस्ट वाचून डोकं फिरलंय. "वीकेंडला मित्रांसोबत हेल्वेलिन, स्ट्रायडिंग एज, बर्फ, धुकं, वारा, सगळं मायक्रोस्पाइक्सवर. हरिहर चढलेल्याला हे किस झाड की पत्ती." अहो, हरिहर गडाच्या पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत! इथलं ग्रेड वन, म्हणजे हातापायांनी चढायची सर्वांत सोपी श्रेणी, ते उन्हाळ्यातलं. शेवटची ती चिमणी, म्हणजे खडकातली उभी अरुंद घळ, उतरताना खाचा बर्फाने बुजलेल्या, आणि त्यानंतर माथ्यापर्यंतचा उभा चढ, तिथला बर्फ काचेसारखा, घसरलात तर थेट खालच्या रेड टार्न तळ्याच्या दिशेने. मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर चढवायचे रबरी पट्ट्याचे छोटे दात, ते रबर उभ्या उतारावर सरकतं नि दात बुटाच्या बाजूला येतात. क्रॅम्पॉन (बुटाला घट्ट बांधायचे मोठे पोलादी दात), आइस ॲक्स (बर्फातली कुदळ) नसेल तर पायथ्याच्या ग्लेनरिडिंग गावात चहा प्या नि घरी जा.

बर्फोबा: ती पोस्ट माझीच. सगळे धडधाकट परत आलो, अजून काय पाहिजे? कॉटेजचे पैसे भरलेले, खिडकीतून पाऊस बघत बसायचं का?

मीनल_टी: आम्ही मागच्या जानेवारीत स्ट्रायडिंग एजच्या अलीकडच्या होल-इन-द-वॉल या दगडी भिंतीपासून मागे फिरलो. भिंतीच्या आडोशाला थर्मॉसचं झाकण उघडलं तर वाऱ्याने तेच उडवून नेलं. नवरा रविवारभर फुगून बसलेला. बसू दे.

बर्फोबा: अंदाज बघूनच गेलो होतो हो.

लीड्सकर: कुठला, फोनवरचा? तो खालच्या गावाचा असतो. डिसेंबरपासून रोज एक माणूस हेल्वेलिनवर चढून बर्फ नि वारा मोजतो, रिपोर्ट फुकट मिळतो, तो वाचायला काय होतं?

बर्फोबा: आणि काही झालंच तर ९९९ हा इमर्जन्सी नंबर आहे की. टॅक्स भरतो आपण.

नाशिकची_अनु: टॅक्स?? माउंटन रेस्क्यू देणग्यांवर चालतं. ती माणसं नोकरीवरून, जेवणाच्या ताटावरून उठून येतात, पगार शून्य.

ट्रेकर_पक्या: आपल्याकडे वेगळं काय आहे? पावसाळ्यात शहरातली गर्दी गडावर, कोणी पडलं की गावातली पोरं रात्री स्ट्रेचर वाहतात आणि ट्रेक नेणारे नऊशे नव्व्याण्णव रुपये घेऊन मोकळे. त्या पोरांना साधा चहा कोणी पाजत नाही.

बर्फोबा: झालं, आता पावसाळी ट्रेकचं पापही माझ्याच माथी!

नाशिकची_अनु: माझ्या मामेभावाने दरीतून माणूस वर काढलाय. तो शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला? "माझा गोप्रो?" त्यामुळे मला टॅक्स शिकवू नका.

लीड्सकर: अनु, शांत. मुद्दा क्रॅम्पॉनचा होता.

नाशिकची_अनु: तुमचा असेल.

बर्फोबा: बरं बाई, पुढच्या वेळी क्रॅम्पॉन भाड्याने घेतो, ॲक्सही घेतो, तुमची लेखी परवानगीही घेतो. वीस पौंड देणगी टाकली. खूश?

मीनल_टी: गिफ्ट एडवर टिक केलंत का? टॅक्स भरता ना, मग त्यातला वाटा सरकार देणगीत घालतं नि वीसचे पंचवीस होतात.