सिंक तुंबलंय, उकळतं पाणी, सोडा, पावडर... यातलं खरं काय?

चौकस:
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायला आले. आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक पंधरा-वीस दिवसांपासून तुंबतंय, पूर्ण बंद नाही झालं पण भांडी घासताना पाणी उभं राहतं आणि मग गुडगुड करत सावकाश जातं. घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा. सासूबाई म्हणतात रोज रात्री उकळतं पाणी ओत, जाऊबाईंनी खायचा सोडा आणि व्हिनेगर सांगितलं, नवरा म्हणतोय ड्रेन क्लीनरची पावडर ओत एकदाची. पहिले दोन करून झाले, रात्री मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. पावडर आणून ठेवलीय पण डब्यावरच्या सूचना वाचून हात धजावत नाहीये.

अजून दोन गोष्टी. बाथरूमचा नळ टपटपतो, आधी जोरात आवळला की थांबायचा, आता कितीही आवळा, थांबत नाही. आणि पाहुण्यांचं बाथरूम महिनोन्महिने वापरात नसतं तरी तिथे गटारासारखा वास येतो, फिनाईल टाकलं की दोन दिवस बरं. वापरातच नाही तर घाण येते कुठून?

रानवारा:
सोडा-व्हिनेगर मी दर महिन्याला न चुकता करते, मस्त फेस येतो आणि घाण सुटते. तुमचं प्रमाण कमी पडलं असेल, दुप्पट करून बघा.

पाणाड्या:
रानवारा, राग मानू नका, मी वीस वर्षं प्लंबिंगचंच काम करतोय आणि सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागणारी गोष्ट हीच. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारून टाकतात आणि शेवटी उरतं ते किंचित खारं पाणी. बंद बाटलीत त्या गॅसचा दाब तयार झाला असता, पण सिंकचं तोंड वर उघडं आहे, गॅस सरळ वर निघून जातो. वास थोडा कमी होतो हे मान्य. तुमचं सिंक तुंबत नाही कारण ते मुळात तुंबलेलं नाहीये.

आता उकळतं पाणी. तेल-चरबी गरम असताना पातळ होते आणि वाहते, बरोबर, पण वाहून जाते कुठे? चार-सहा फूट पुढे पाइप गार असतो, तिथे परत थिजते. म्हणजे जो अडथळा सिंकच्या खाली हाताशी होता तो तुम्ही स्वतः भिंतीत नाहीतर जमिनीखाली ढकलला. रात्री मोकळं आणि दुपारी परत तुंबलेलं, याचं कारण बहुतेक हेच. शिवाय साधा पीव्हीसी पाइप ६० अंशांच्या पुढे नरम पडायला लागतो आणि उकळतं पाणी १०० अंशांचं. एखाद्या वेळी ओतलं म्हणून काही वितळत नाही, पण रोज केलं की जोड ढिले होतात, आडवा पाइप मध्ये झोळ खातो आणि मग त्या झोळात कायमचं पाणी साठतं. गरम पाणी वापरायचंच तर हाताला जरा चटका बसेल इतपतच, त्यात भांड्यांचा लिक्विड साबण घाला, आणि तेही तुंबायच्या आधी, तुंबल्यावर नाही.

ताई, तुम्ही आधी सिंकखालचा ट्रॅप उघडा, म्हणजे पाइपाचा तो भाग जिथे थोडं पाणी कायम अडून राहतं. बाटलीच्या आकाराचा, म्हणजे बॉटल ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवा आणि खालची वाटी हातानेच फिरवून काढा, प्लॅस्टिकला पाना लावला की ती चिरते. आणि एक, लोक हमखास करतात म्हणून सांगतो, ती काढलेली वाटी धुवायला त्याच सिंकचा नळ सोडू नका, सगळं पाणी खाली तुमच्या पायावर येईल. ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा पुढे आहे, मग रबरी पंप नाहीतर स्प्रिंगची तार. डबल सिंक असेल तर पंप मारताना दुसऱ्या भोकात ओलं फडकं घट्ट कोंबायचं, नाहीतर सगळी हवा तिकडून निघून जाते आणि पंपात काही दम नाही असं वाटतं.

सायली२:
पावडरबद्दल मी लिहिते कारण माझ्या मनगटावर अजून डाग आहे. त्यात कॉस्टिक सोडा असतो, पाण्यात पडला की प्रचंड तापतो. मी ओतली, काही झालं नाही, परत ओतली, आणि मग उतावीळपणे पंप मारला. वर उडालं ते सरळ हातावर. आणि हे करून थांबले नाही, बाथरूमची अ‍ॅसिडची बाटली पण घेऊन आले होते, नशिबाने बहिणीने ओरडून थांबवलं. कॉस्टिकवर अ‍ॅसिड पडलं की सगळं उसळून तोंडावर येतं, आणि ब्लीचवर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये त्याने जीव जाऊ शकतो. कृपा करून दोन क्लीनर कधी एकत्र करू नका, एकामागून एकही नको. आणि पावडर टाकून काम झालं नसेल तर प्लंबरला तसं आधी सांगा, तो बिचारा उघड्या हाताने ट्रॅप काढतो.

पाणाड्या:
सायली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी स्वतः दोनदा भाजलोय अशाने, समोरच्याने सांगितलंच नव्हतं. पावडर नीट वाहून गेली नाही तर पाइपात तिचा दगडासारखा गोळा बसतो, तो निघत नाही, पाइपच कापावा लागतो.

बाकीच्या दोन प्रश्नांचं राहिलं. वास घाणीचा नाही ताई, कोरड्या ट्रॅपचा आहे. जाळीखाली वळणात साधारण ५० मिमी पाणी थांबून असतं, तेच गटाराचा वायू अडवतं. वापर नसला की ते वाळून जातं. फिनाईलने बरं वाटतं कारण फिनाईलबरोबर तुम्ही पाणी पण ओतता! दर दोन आठवड्यांनी नुसतं तांब्याभर पाणी ओता, कमोड असेल तर एकदा फ्लश करा, बास.

नळ आवळणं मात्र आजपासून बंद. आत रबरी वायसर असतो, तो झिजला की गळतं. जितका आवळाल तितका तो चिरतो आणि मग ज्या पितळी बैठकीवर तो बसतो ती पण खराब होते, मग नुसता वायसर बदलून भागत नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. अर्ध्या फेरीत उघडणारा नळ असेल तर वायसर नसतो, सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं, ते अख्खं बदलायचं.

अनोळखी_पाहुणा:
धाग्यात घुसतोय, पण आमच्या शॉवरला प्रेशर नाही म्हणून गच्चीवर मोठी टाकी बसवली तरी फरक शून्य, असं का?

पाणाड्या:
प्रेशर टाकीच्या आकाराने येत नाही, उंचीने येतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). टाकी तेवढ्याच उंचीवर असेल तर दुप्पट मोठी करून पाणी जास्त दिवस पुरेल, जोर तोच राहणार. पण आधी शॉवरची जाळी काढून बघा, क्षारांनी भोकं बुजलेली असतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. रानवारा, तुमचं व्हिनेगर इथे खरंच कामाचं आहे, सोड्याशिवाय.

रानवारा:
हे करून बघते, आमच्याही नळांच्या जाळ्या पांढऱ्या झाल्यात. सोड्याचं पटलं. इतकी वर्षं फेस बघूनच समाधान मानत होते.

चौकस:
सगळ्यांचे आभार. आज ट्रॅप उघडला, वाटीत पिवळट चरबीचा घट्ट गोळा आणि त्यात भांड्याच्या घासणीचा तुकडा अडकलेला होता. वाटी बाहेरच्या नळावर धुतली. पाणी आता सरळ जातंय, गुडगुड पण नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये सकाळी पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत वास गेला, विश्वासच बसेना. पावडरचा डबा न उघडता तसाच परत करायचाय. वायसर बदलायला नवरा बसलाय पण नळाखालचा कॉक फिरतच नाहीये, जोर लावू का?

पाणाड्या:
नका लावू! वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जोराने फिरवला की दांडा तुटतो आणि पाणी थांबवायला काहीच उरत नाही. टाकीवरचा मेन कॉक बंद करा, नळ उघडा ठेवून पाइप रिकामा होऊ द्या, मग वायसर बदला. तो कॉक नंतर बदलून घ्या आणि बाकीचे सगळे दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडझाप करत जा.